दोन शेवटांची कादंबरी : विल्यम गॉडविनचे तत्त्वचिंतन आणि कथात्म लेखन

विल्यम गॉडविन (१७५६–१८३६) हे नाव आज बहुधा इतरांच्या चरित्रांतून वाचकाला भेटते. मेरी वुल्स्टनक्राफ्टचा पती, 'फ्रँकेन्स्टाइन'च्या लेखिकेचा पिता, शेलीचा सासरा, माल्थसने ज्याच्या खंडनासाठी लोकसंख्येवरचा आपला निबंध लिहिला तो आशावादी विचारवंत, अशा नात्यांनी त्याची ओळख करून दिली जाते. राजकीय विचारांच्या इतिहासात अराज्यवादाचा आद्य प्रवक्ता म्हणून त्याच्या वाट्याला एक परिच्छेद येतो. इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात 'केलेब विल्यम्स'चा कर्ता म्हणून दुसरा. हे दोन परिच्छेद सहसा दोन वेगळ्या ग्रंथांत असतात, आणि म्हणूनच त्यांच्यामधील संबंध फारसा तपासला जात नाही. तपासला गेलाच तर एका सोप्या सूत्राने: १७९३ मध्ये सिद्धांत मांडला, १७९४ मध्ये कादंबरीतून त्याचे उदाहरण दिले. या सूत्राला खुद्द गॉडविनच्या प्रस्तावनेचाच आधार आहे. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ ज्यांच्या हाती कधी पडणार नाहीत अशा वाचकांपर्यंत एक राजकीय सत्य पोहोचवावे, असा हेतू तेथे स्पष्ट सांगितला आहे. लेखकाने सांगितलेला हेतू म्हणजे कृतीचे स्वरूप नव्हे, हे तत्त्व आपली समीक्षा एरवी आग्रहाने सांगते. परंतु विचारवंताने लिहिलेली कादंबरी समोर आली की ती 'प्रचारकी' या शब्दावर थांबते. 'केलेब विल्यम्स'च्या बाबतीत असे थांबणे विशेष गैरसोयीचे आहे, कारण या कादंबरीचा शेवट लिहून झाल्यावर अवघ्या काही दिवसांत लेखकाने तो रद्द केला आणि दुसरा लिहिला. सिद्धांताचे उदाहरण द्यावयाचे होते, तर उदाहरण बदलण्याची गरज का पडावी?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी गॉडविनच्या घडणीचा एक धागा लक्षात घ्यावयास हवा. केंब्रिजशरमधील विझ्बीच येथे ३ मार्च १७५६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील 'डिसेंटर' धर्मोपदेशक होते, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी. या पंथीयांना ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या आणि सरकारी पदे कायद्याने दुर्लभ होती; त्यामुळे त्यांनी स्वतःच्या विद्यापीठवजा 'अकादमी' उभारल्या, आणि अठराव्या शतकातील इंग्लंडमधील मोकळे शिक्षण मुख्यतः तेथेच चालले. नॉर्विचला सॅम्युएल न्यूटन या सँडेमेनियन पंथाच्या कठोर गुरूकडे आणि पुढे हॉक्स्टन अकादमीत (१७७३–७८) अँड्र्यू किप्पिस व एब्रहॅम रीस यांच्या हाताखाली गॉडविन घडला. काही वर्षे त्याने लहान गावांतून धर्मोपदेशकाचे काम केले. मग श्रद्धा ढासळली आणि १७८३ च्या सुमारास लंडनला येऊन त्याने लेखणीवर पोट भरावयास आरंभ केला. ईश्वर गेला, पण दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीने निर्णय करावा, त्यात राजा वा धर्मगुरू कोणीही मध्ये येऊ नये, हा पंथीयांचा हट्ट ही पहिली. आणि मनात आहे ते न लपविता समोरच्याला सांगणे हे कर्तव्य आहे, ही दुसरी. गॉडविनच्या राजकीय तत्त्वज्ञानाचा मोठा भाग या दोन धार्मिक सवयींचे ऐहिक रूपांतर आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

'अ‍ॅन इन्क्वायरी कन्सर्निंग पोलिटिकल जस्टिस' हा ग्रंथ फेब्रुवारी १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारीला झाला होता आणि १ फेब्रुवारीला फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले होते. टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'वर खटला होऊन तो दोषी ठरला होता. अशा काळात प्रत्येक शासनसंस्था, मग ती राजसत्ता असो वा लोकसत्ता, ही मुळात अनिष्ट आहे आणि मानवी विवेक वाढत जाईल तसतशी ती विरून जावी, असे सांगणारा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच्यावर कारवाई झाली नाही. ज्यांच्यापाशी तीन शिलिंग नाहीत त्यांचे तीन गिनींच्या पुस्तकाने काय बिघडणार, असे पंतप्रधान पिट म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ग्रंथाची किंमत प्रत्यक्षात १ पौंड १६ शिलिंग होती. आख्यायिकेतला आकडा चुकीचा असला तरी तिच्यातला हिशेब बरोबर आहे.

ग्रंथाचा सर्व भार एका गृहीतावर आहे: माणसाच्या कृती त्याच्या मतांतून निघतात, आणि सत्य पुरेसे स्पष्टपणे मांडले गेले तर ते असत्यावर मात करतेच. म्हणून सक्ती नको. शिक्षा नको, कारण ती पटवून देत नाही, फक्त दुखावते. वचन नको, कारण उद्याच्या विवेकाला आजच्या शब्दाने बांधणे अन्याय्य आहे. विवाह नको, कारण तो एका व्यक्तीवरचा मक्ता आहे. संपत्तीचा प्रश्नही त्याच न्यायाने सुटतो: पाव त्याचा, ज्याला तो मिळाल्याने सर्वाधिक हित होईल. नाटकातल्या नटाने दुसऱ्याचे शब्द पाठ म्हणावेत किंवा वादकांनी दुसऱ्याने रचलेल्या सुरावटी एकसाथ वाजवाव्यात, हेदेखील भावी विवेकी समाजात चालू राहील का, याची गॉडविनला शंका आहे. येथे वाचकाला हसू येते, आणि ते समकालीनांनाही आले. पण तर्काच्या मागे जाताना अर्ध्यावर न थांबण्याची जी धमक या पानांत दिसते, तिनेच तरुण वर्ड्स्वर्थ, कोलरिज आणि साउदी यांना काही काळ झपाटून टाकले होते.

क्रांतिकारकांशीही त्याचे जुळले नाही. सभा, संघटना, मिरवणुका यांत माणूस स्वतः विचार करीत नाही, जमावाचा आवाज होतो, असे त्याचे मत होते. सत्याचा प्रसार व्हावयाचा तो दोन माणसांच्या निष्कपट संभाषणातून. एकाने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी बोलावे. बळाचा प्रयोग केलेला सुधारक आणि बळाचा प्रयोग करणारा जुलमी यांच्यात त्याला फारसे अंतर दिसत नसे.

ग्रंथातले सर्वांत गाजलेले उदाहरण आगीचे आहे. कांब्रेचा आर्चबिशप फेनेलाँ, 'तेलेमाक'चा कर्ता, आणि त्याची मोलकरीण दोघेही जळत्या वाड्यात अडकले आहेत. एकालाच वाचविता येते. फेनेलाँला वाचवावे, कारण त्याच्या ग्रंथाने हजारोंचे हित होणार आहे. ती मोलकरीण तुमची पत्नी किंवा आई असली तरीही निर्णय बदलत नाही. 'माझी' या शब्दाला न्यायाच्या तराजूत वजन नाही. या उताऱ्यावर इतका गदारोळ झाला की दुसऱ्या आवृत्तीत (१७९६) मोलकरणीच्या जागी पुरुष नोकर आला आणि पत्नी व आई यांच्या जागी भाऊ, बाप व उपकारकर्ता आले. युक्तिवादाचा सांगाडा तोच राहिला. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हा बदल सूचक वाटतो: स्त्रिया आगीतून बाहेर पडल्या त्या तर्काने नव्हे, वाचकांच्या रोषाने.

हा ग्रंथ छापून होतो न होतो तोच गॉडविनने कादंबरी हाती घेतली. तिचे मूळ शीर्षक 'थिंग्ज अ‍ॅज दे आर. ऑर, द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ केलेब विल्यम्स', म्हणजे 'आहे ते असे आहे'. ती तीन खंडांत मे १७९४ मध्ये निघाली. प्रस्तावनेवर १२ मे ही तारीख आहे; त्याच दिवशी 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी'चा चिटणीस, चर्मकार टॉमस हार्डी याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. पुस्तकविक्रेते घाबरले आणि प्रस्तावना वगळून पुस्तक बाजारात आले. ती छापली गेली दुसऱ्या आवृत्तीत.

कथानक थोडक्यात असे. केलेब हा गरीब घरातला, वाचनाने शहाणा झालेला तरुण फॉकलंड या जमीनदाराचा चिटणीस होतो. फॉकलंड सुसंस्कृत, उदार, सरदारी इभ्रतीच्या कल्पनांनी भारलेला. पण त्याच्या मनावर कसली तरी काळी छाया आहे. वाड्याच्या कारभाऱ्याकडून केलेबला पूर्वेतिहास कळतो. शेजारचा जमीनदार टायरेल हा रांगडा जुलमी. त्याने आपल्या आश्रित नातलग मुलीचा, एमिलीचा, छळ करून तिला मृत्यूच्या दारात लोटले. हॉकिन्स या कुळाला देशोधडीला लावले. पुढे भर सभेत त्याने फॉकलंडला मारहाण केली आणि त्याच रात्री त्याचा खून झाला. हॉकिन्स पितापुत्र त्यासाठी फासावर गेले. खून फॉकलंडनेच केला असावा असा संशय केलेबला येतो, कुतूहल त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि अखेर फॉकलंड त्याच्यापाशी कबुली देतो. पण अशा अटीवर की यापुढे केलेबचे आयुष्य त्याच्या मुठीत राहील. केलेब पळतो. फॉकलंड त्याच्यावर चोरीचा आळ घालतो. तुरुंग, पलायन, दरोडेखोरांची टोळी, वेषांतरे, वेल्समधला अल्पकाळचा निवारा. सर्वत्र फॉकलंडचा हस्तक गाइन्स मागावर असतो आणि अर्ध्या पेनीला विकले जाणारे केलेबच्या 'कुकृत्यांचे' चोपडे त्याच्या आधी पुढच्या गावात पोहोचलेले असते. छापील शब्द येथे सत्याचा वाहक नाही, पाठलाग करणारा कुत्रा आहे. मुद्रणकलेवर ज्या लेखकाने मानवी प्रगतीची भिस्त ठेवली होती, त्याच्याच कादंबरीत हे घडते.

कायद्याचे जे चित्र या कादंबरीत येते ते ग्रंथातल्या प्रकरणांपेक्षा अधिक भेदक आहे, कारण ते तपशिलात आहे. टायरेलने हॉकिन्सचा रस्ता अडविण्यासाठी फाटके लावून कुलपे घातली. हॉकिन्सचा तरुण मुलगा रात्री जाऊन ती काढतो. जाताना त्याच्या कोटाची कॉलर तोंडावर बटणांनी बंद केलेली असते. एवढ्यावरून 'वेष बदलून' गुन्हा केल्याचे ठरते आणि १७२३ चा कुप्रसिद्ध 'ब्लॅक अ‍ॅक्ट' लागू होतो. साधा खोडसाळपणा देहान्त शिक्षेच्या कक्षेत जातो. ई. पी. टॉम्प्सनने 'व्हिग्ज अँड हंटर्स' (१९७५) मध्ये या कायद्याचा सविस्तर इतिहास लिहिला; गॉडविनने त्याच्या वापराची रीत एका बटणात दाखविली होती.

रचनेविषयी गॉडविनने १८३२ साली 'फ्लीटवुड'च्या नव्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत जे सांगितले ते पुढे प्रसिद्ध झाले. आधी तिसरा खंड, म्हणजे पाठलाग, सुचला. मग पाठलागाला कारण हवे म्हणून दुसरा. मग पाठलाग करणारा वाचकाच्या आदरास पात्र हवा म्हणून पहिला. एडगर अ‍ॅलन पोने आपल्या रचनातत्त्वावरील निबंधाच्या (१८४६) आरंभी या उलट्या रचनेचा उल्लेख केला आहे. लेखन मात्र सरळ क्रमाने झाले. आरंभ त्याने तृतीयपुरुषी निवेदनाने केला होता. ते समाधानकारक वाटेना म्हणून केलेबलाच निवेदक केले. या बदलाचे परिणाम लेखकाच्या अपेक्षेपलीकडे गेले. तृतीयपुरुषी निवेदनात केलेब निर्दोष आणि फॉकलंड दोषी हे निवेदकाच्या अधिकाराने स्थिर राहिले असते. प्रथमपुरुषी निवेदनात केलेबचे शब्द म्हणजे एका आरोपीची जबानी होते. तो आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी लिहितो आहे. आणि लिहिता लिहिता त्याच्या कुतूहलाचे, फॉकलंडला टोचून, डिवचून बघण्याच्या त्याच्या आनंदाचे जे वर्णन तो करतो, त्याने त्याचीच बाजू हळूहळू पोखरली जाते. सत्यशोधन हे 'पोलिटिकल जस्टिस'मध्ये सर्वोच्च मूल्य आहे. कादंबरीत ते हेरगिरीच्या इतके जवळ येते की दोहोंमधली रेघ दिसेनाशी होते.

आता दोन शेवट. पहिला शेवट गॉडविनने ३० एप्रिल १७९४ रोजी पूर्ण केला. त्यात केलेब अखेर फॉकलंडवर न्यायाधीशासमोर खुनाचा आरोप करतो. फॉकलंड तो फेटाळतो. न्यायाधीश प्रतिष्ठिताच्या शब्दावर विश्वास ठेवतो. केलेब बंदिवासात, त्याच जुन्या शत्रूच्या पहाऱ्याखाली, आणि शेवटच्या पानांत त्याची वाक्ये तुटू लागतात. बुद्धी सुटत चालली आहे. निवेदन तुकड्यातुकड्यांनी उरते आणि अखेरीस तो स्वतःला थडग्यावरच्या दगडाच्या रूपात पाहतो. ४ ते ८ मे या दिवसांत गॉडविनने हा शेवट बाजूला ठेवून नवा लिहिला. त्यात न्यायाधीशासमोर आणलेला फॉकलंड जिवंत प्रेतासारखा दिसतो. त्याला पाहताच केलेबचा सारा त्वेष गळून पडतो. तो आरोप करतो, पण त्याचे भाषण होते पश्चात्तापाचे: आपण या थोर माणसाशी एकांतात मोकळेपणाने बोललो असतो तर त्याने ऐकले असते, येथवर आणावयास नको होते. फॉकलंड हेलावतो, केलेबला मिठीत घेतो, सर्व कबूल करतो. आणि तीन दिवसांनी मरतो. केलेब स्वतःला खुनी समजू लागतो. ज्या नावलौकिकाच्या समर्थनासाठी त्याने लेखणी उचलली, ते समर्थन करण्याजोगे आपल्यापाशी आता काही नाही, असे सांगून तो थांबतो.

रद्द झालेल्या शेवटाचे हस्तलिखित लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील फॉर्स्टर संग्रहात आहे. डी. गिल्बर्ट डूमास याने १९६६ मध्ये त्याची चर्चा केल्यापासून या कादंबरीच्या समीक्षेचे पाणीच बदलले. एका पक्षाच्या मते नवा शेवट म्हणजे ग्रंथातील सिद्धांताचा विजय होय: निष्कपट वाणीने जुलमी माणूस विरघळला, म्हणजे सत्याने मात केली. दुसऱ्या पक्षाला पहिला शेवट अधिक प्रामाणिक वाटतो. 'आहे ते असे आहे' या शीर्षकाशी तोच इमान राखतो, दुसरा भावविवश आहे. आणखी एक सोपे उत्तर असे की, अटकसत्राच्या भीतीने लेखकाने धार बोथट केली. हे शेवटचे उत्तर तारखांनाच टिकत नाही. हार्डीची अटक १२ मे ची. नवा शेवट ८ मे ला लिहून झाला होता.

तारखांचा विचार करावयाचा तर आणखी मागे जावयास हवे. जोसेफ जेरल्ड हा तरुण सुधारक एडिंबरोच्या अधिवेशनात भाग घेतल्याबद्दल पकडला गेला होता. त्याच्यावरील खटल्याआधी, २३ जानेवारी १७९४ रोजी, गॉडविनने त्याला एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, न्यायालयात वकिली कसरत करू नकोस, कटुता दाखवू नकोस. ज्युरीतल्या माणसांशी माणूस म्हणून बोल, सत्य साधेपणाने मांड, ते त्यांना जिंकल्याशिवाय राहणार नाही. जेरल्ड उत्तम बोलला. मार्च महिन्यात त्याला चौदा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. गॉडविन त्याला न्यूगेटच्या तुरुंगात भेटत असे. मे १७९५ मध्ये त्याला जहाजावर चढविण्यात आले आणि मार्च १७९६ मध्ये सिडनी येथे तो वारला.

हे लक्षात घेतले की पहिल्या शेवटाचे स्वरूप उलगडते. तो निराशेचा कल्पनाविलास नाही; सहा-सात आठवड्यांपूर्वी एडिंबरोच्या न्यायालयात जे घडले त्याचीच ती कथात्म नोंद आहे. निष्कपट वाणी बोलली आणि हरली. सिद्धांताचे खंडन वास्तवानेच केले होते आणि कादंबरीकाराने ते उतरवून घेतले. प्रश्न उरतो तो दुसऱ्या शेवटाचा, आणि तेथे 'सत्याचा विजय' हे शब्द वापरण्यापूर्वी थांबावयास हवे. नव्या शेवटात सत्य जिंकते हे खरे. पण कोठे? न्यायालयात, म्हणजे सक्तीची जी संस्था गॉडविनला मुळातच अमान्य आहे तिच्या छताखाली. कोणत्या किमतीला? ज्याला पटवून द्यावयाचे होते तो माणूस पटल्याबरोबर मरतो. पहिल्या शेवटात सत्तेने सत्याचा गळा घोटला, ही बाहेरून आलेली आपत्ती होती. सिद्धांत तीतून सहीसलामत सुटू शकत होता, कारण समाज अजून विवेकी झाला नाही एवढेच म्हणावे लागले असते. दुसऱ्या शेवटात सत्याला हवे ते सर्व मिळते आणि तरी हाती प्रेत येते. ही आपत्ती आतून आली आहे. जो युक्तिवाद ग्रंथात आगीतल्या मोलकरणीला सोडून पुढे गेला, तो येथे फॉकलंडच्या चेहऱ्यापाशी अडला. हजारोंच्या हिताचा हिशेब केलेबला सुचतच नाही. त्याला समोरचा एक माणूस दिसतो, जो खुनी आहे, ज्याने त्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, आणि ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे. दुसरा शेवट पहिल्यापेक्षा सौम्य नाही. तो अधिक क्रूर आहे.

फॉकलंडमध्ये एडमंड बर्कची छाया अनेकांनी पाहिली आहे, कारण बर्कने १७९० च्या 'रिफ्लेक्शन्स'मध्ये ज्या सरदारी मूल्यांचे गुणगान केले तीच फॉकलंडला ग्रासून टाकतात. हे साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. जुलै १७९७ मध्ये बर्क वारला तेव्हा 'पोलिटिकल जस्टिस'ची तिसरी आवृत्ती छापली जात होती. गॉडविनने तीत एक तळटीप घातली. आपल्या सर्वांत समर्थ प्रतिपक्षाविषयीची ती टीप आदराने आणि हळहळीने भरलेली आहे: केवढी बुद्धी आणि कोणत्या व्यवस्थेच्या पायी ती वाया गेली! केलेबच्या तोंडचे अखेरचे शब्द ज्याने लिहिले, त्याच्याच लेखणीतून ही टीप यावी, हे स्वाभाविक होते.

त्याच १७९४ सालच्या ऑक्टोबरात मात्र निष्कपट वाणीला खरोखर यश आले, आणि तेही अनपेक्षित मार्गाने. हार्डी, हॉर्न टुक, थेलवॉल, आणि गॉडविनचा जिवलग मित्र टॉमस हॉलक्रॉफ्ट यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले गेले. मुख्य न्यायाधीश एअर याने ग्रँड ज्युरीला केलेल्या भाषणात 'राजद्रोह' या शब्दाची व्याप्ती वाढवीत नेली होती. गॉडविनने 'कर्सरी स्ट्रिक्चर्स' ही निनावी पुस्तिका लिहून दाखवून दिले की, येथे कायद्याचा अर्थ लावला जात नाही, नवा कायदा रचला जात आहे. २१ ऑक्टोबरला ती 'मॉर्निंग क्रॉनिकल'मध्ये छापली गेली. नोव्हेंबर-डिसेंबरात हार्डी, टुक आणि थेलवॉल निर्दोष सुटले. हॉलक्रॉफ्टला खटल्याविनाच सोडण्यात आले. ही पुस्तिका म्हणजे गॉडविनच्या लेखनातील सर्वांत परिणामकारक पाने होत, आणि ती कोणत्याही भावी विवेकी समाजाविषयी नाहीत. ती १३५१ च्या एका कायद्याच्या शब्दांविषयी आहेत.

'पोलिटिकल जस्टिस'च्या पुढील दोन आवृत्त्यांत (१७९६, १७९८) भावनेला अधिकाधिक जागा मिळत गेली. हे परिवर्तन वुल्स्टनक्राफ्टच्या सहवासाने झाले असे चरित्रकार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण दोघांचे सख्य १७९६ मध्ये जुळले, आणि दुसऱ्या आवृत्तीची संहिता त्याआधीच तयार झाली होती. केलेबचा दुसरा शेवट त्याच्याही आधीचा. तत्त्वज्ञाला कादंबरीकाराने शिकविले, असे म्हणावयास कालक्रम अनुकूल आहे. पुढे एका खासगी टिपणात गॉडविनने आपल्या ग्रंथातले दोष स्वतःच नोंदविले. सँडेमेनियन संस्कारांचा अवशेष आणि खासगी जिव्हाळ्याचा सरसकट धिक्कार हे त्यांपैकी दोन.

२९ मार्च १७९७ रोजी विवाहसंस्थेच्या या टीकाकाराने सेंट पँक्रसच्या चर्चमध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्टशी विवाह केला. ३० ऑगस्टला मुलगी झाली. १० सप्टेंबरला मेरी वारली. दैनंदिनीत गॉडविनने फक्त वेळ लिहिली आणि पुढे नुसत्या रेघा ओढल्या. चार महिन्यांत त्याने तिचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात इम्लेशी असलेले तिचे विवाहबाह्य संबंध, त्यातून झालेली मुलगी, आत्महत्येचे दोन प्रयत्न, सर्व काही निष्कपटपणे सांगितले होते. परिणाम भयंकर झाला. 'अँटी-जॅकोबिन रिव्ह्यू'च्या सूचीत वेश्याव्यवसाय या नोंदीखाली तिच्या नावाकडे निर्देश करण्यात आला, आणि 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन' (१७९२) या ग्रंथाची लेखिका पुढे कित्येक दशके सभ्य समाजात उच्चारण्याजोगी राहिली नाही. केलेबचा दुसरा शेवट येथे जणू लेखकाच्याच घरी घडला: खरे बोलण्यातून, आणि प्रेमापोटीच, प्रिय व्यक्तीच्या नावाची राखरांगोळी झाली. चरित्रवाङ्मयाच्या इतिहासात हा ग्रंथ आज मोठा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु गॉडविनला त्या काळी आपल्या वाचकांचे वास्तव कळले नव्हते हेही तितकेच खरे.

१७९८ नंतर वारे पूर्ण फिरले. माल्थसचा निबंध त्याच वर्षी निघाला. 'द एन्क्वायरर'मधल्या गॉडविनच्या एका निबंधावरून झालेल्या चर्चेतून तो जन्मला. १८०० मध्ये डॉ. सॅम्युएल पार याने प्रवचनातून हल्ला चढविला. जेरल्ड हा याच पारचा एके काळचा लाडका विद्यार्थी होता. सर्वांत जिव्हारी लागला तो जेम्स मॅकिन्टॉश. १७९१ मध्ये बर्कला उत्तर देऊन क्रांतीची बाजू मांडणाऱ्या या मित्राने १७९९ मध्ये लिंकन्स इनमध्ये व्याख्याने देऊन नव्या तत्त्वज्ञानाची रेवडी उडविली. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या संदर्भात परिचित असते. १८०४ मध्ये मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, म्हणून आलेला आणि त्याच वर्षी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन करणारा तो हाच मॅकिन्टॉश. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा उगम या संस्थेत आहे. टाउन हॉलच्या पायऱ्या चढणाऱ्या अभ्यासकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की संस्थापकाच्या पूर्वायुष्यात एक मोडलेली मैत्री आहे, आणि ती ज्याच्याशी मोडली त्याने १८०१ च्या उत्तरात एकदाही तोल जाऊ दिला नाही.

'सेंट लिअन' (१७९९) ही पुढची कादंबरी. अमृत आणि परीस लाभलेला नायक अमर व अमर्याद श्रीमंत होतो आणि सर्व माणसांपासून तुटतो. मार्गरीत या पत्नीच्या चित्रणात वुल्स्टनक्राफ्टच्या आठवणी आहेत, आणि खासगी जिव्हाळा न्यायाशी विसंगत नाही, असे प्रस्तावनेत उघडच म्हटले आहे. कादंबरी विस्कळीत आहे; तिचे पहिले दोनशे पृष्ठांचे गृहजीवन सोडले तर बाकीचे आज वाचवत नाही. पुढच्या कादंबऱ्यांपैकी 'मँडेव्हिल'मध्ये (१८१७) द्वेषाने पोखरलेल्या मनाचे जे चित्रण आहे, तेवढे केलेबच्या जवळ जाते. याहून महत्त्वाचा आहे १७९७ मध्ये लिहिलेला आणि १९८८ पर्यंत अप्रकाशित राहिलेला इतिहास व कथा यांवरचा निबंध. समूहांचा, राज्यांचा इतिहास माणसाविषयी काही सांगत नाही. एका व्यक्तीच्या अंतरंगात शिरणारा कथालेखकच खरा इतिहासकार होय, असे तो तेथे सिद्ध करतो, आणि अगदी अखेरीस कच खाऊन मागे येतो: एखाद्या व्यक्तीची सर्व कारणपरंपरा जाणणे मर्त्य लेखकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही माघार म्हणजे 'केलेब विल्यम्स'वरचे त्याचे सर्वांत चांगले भाष्य मानता येईल.

उरलेली पस्तीस वर्षे ऋणांत गेली. १८०१ मध्ये दुसरा विवाह, १८०५ पासून मुलांच्या पुस्तकांचे दुकान. स्वतःच्या नावाने पुस्तके खपणार नाहीत म्हणून तो एडवर्ड बाल्डविन या टोपणनावाने लिहू लागला. भारतातील इंग्रजी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली लॅम्ब भावंडांची 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' (१८०७) याच दुकानाने प्रसिद्ध केली. शेलीने १८१२ मध्ये शिष्यभावाने पत्र लिहिले आणि १८१४ मध्ये गुरूच्या विवाहविषयक मतांना जागून त्याच्याच कन्येला घेऊन तो पळाला. गुरूने दार बंद केले, पैशाची मागणी मात्र बंद केली नाही. हॅझ्लिटने १८२५ मध्ये या विस्मृतीत गेलेल्या माणसावर लिहिले, आणि त्याच वर्षी दुकानाचे दिवाळे निघाले. चार खंडांचा 'कॉमनवेल्थ'चा इतिहास (१८२४–२८) याच हलाखीत लिहिला गेला. १८३३ मध्ये व्हिग सरकारने त्याला राजकोषाच्या कचेरीत वर्षाला २०० पौंडांचे नाममात्र पद आणि राहण्यास जागा दिली. शासनसंस्था विरून जाईल म्हणणारा तत्त्वज्ञ तिच्याच आवारात ७ एप्रिल १८३६ रोजी वारला.

पिटर क्रोपोत्किनने १९१० मध्ये 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'तील लेखात त्याला अराज्यवादाचा पहिला शास्त्रशुद्ध मांडणीकार म्हटले तेव्हापासून विचारवंत गॉडविनचे पुनरागमन झाले; कादंबरीकार गॉडविनला १९६६ पर्यंत थांबावे लागले. १८३२ च्या त्या प्रस्तावनेत त्याने कादंबरीची कुळकथा इतक्या तपशिलाने सांगितली: उलटा आराखडा, बदललेला निवेदक, लिहिताना चाळलेली गुन्हेगारांची चरित्रे. बदललेल्या शेवटाचा तेथे उल्लेख नाही. १७८८ पासून मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत न चुकता लिहिलेल्या दैनंदिनीच्या बत्तीस वह्या बोडलियन ग्रंथालयात आहेत आणि २०१० पासून संगणकावरही वाचावयास मिळतात. मे १७९४ च्या पहिल्या आठवड्यातील नोंदी इतर दिवसांसारख्याच आहेत: काय लिहिले, काय वाचले, कोण भेटले. कारण लिहिण्याची त्याला सवय नव्हती.